लोखंड लावू नगा

लॅपटॉपच्या चार्जिंगच्या भोकात मी सेफ्टी पिन घातली आणि आईने माझं मनगट धरलं.

धरलं ते असं, की बांगडी हाडात रुतली. सत्तरी ओलांडलेली बाई. भाकरी थापतानाही हल्ली तिचा हात थरथरतो. त्या दिवशी मात्र हात जराही थरथरत नव्हता. "लोखंड नगं लावू," ती म्हणाली. ओरडली नाही, पण तो आवाज मी ओळखला. यापूर्वी तो मी एकदाच ऐकला होता, तोही दगडमातीच्या ढिगाखालून. त्या आवाजामुळे मी आज जिवंत आहे, असं आमच्या घरात सगळे मानत. मीही मानत होते. खुद्द आईला त्याबद्दल काय वाटतं, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

मी नांदेडला एका शाळेत इतिहास शिकवते. माझी लेक दहावीला बरे मार्क घेऊन पास झाली आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून आम्ही तिला लातूरला ठेवलं. नांदेडला क्लास कमी आहेत असं नाही, गल्लीगल्लीत आहेत. पण नांदेडच्या पोरांना लातूरचे क्लास बरे वाटतात आणि लातूरच्यांना नांदेडचे. पहिल्या दोन महिन्यांतच मेसच्या जेवणाने लेकीचं पोट बिघडलं. तेव्हा आईने कुणालाही न विचारता कुकर, पोळपाट, तवा असं सगळं पिशवीत भरलं आणि म्हणाली, "मी जाते तिच्याजवळ." लातूरच्या त्या भागात अशा आज्या खूप. कुणी चाकूरची, कुणी देगलूरची. नातवंडं क्लासला गेली की या बायका ओट्यावर बसून भाजी निवडतात आणि एकमेकींच्या नातवंडांचे मार्क काढून घेतात. देगलूरची आजी मार्क तेलुगूत सांगायची, म्हणजे कमी असले तरी कळू नयेत.

खोली शोधायला मी बरोबर गेले होते. घरमालकाने वरच्या मजल्यावरची चांगली हवेशीर खोली उघडून दाखवली. आई दारातच थांबली. मान वर करून स्लॅबकडे पाहिलं आणि जिना उतरली. मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती, मालकाचं जुनं सामान ठेवायची. आईने तीच पसंत केली. मालक बिचारा ओशाळला, उन्हाळ्यात भट्टी होईल म्हणाला. आई म्हणाली, "पत्रा पडला तर डोकं फुटतंय. जीव जात न्हाई."

मालक मूळचा लातूरचाच. त्याने पुढे काही विचारलं नाही.

आमचं गाव औशाच्या बाजूचं. घर दगडमातीचं होतं, हातभर जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. अशा घरांचं कौतुक करणारे लोक मला अलीकडे भेटतात, तेव्हा मी विषय बदलते. भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. आम्ही दोघं आतल्या खोलीत झोपलो होतो. वडील गणपती विसर्जनाहून उशिरा आले आणि उकडतं म्हणून देवळाच्या पारावरच आडवे झाले. आई पहाटे उठून गोठ्यात गेली होती, कारण गाय दावं ओढत होती, काही केल्या बसत नव्हती. त्यामुळे ते दोघं बाहेर राहिले आणि आम्ही दोघं आत.

एक तुळई माझ्या अंगावर तिरकी पडली आणि तिच्याखाली माझ्यापुरती जागा राहिली. मग उजाडलं असावं, कारण एका फटीतून करडा उजेड यायला लागला आणि माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. कुणीतरी वर चढलं. पहार दगडाला लागल्याचा आवाज अगदी माझ्या डोक्याजवळ झाला, दात शिवशिवले. आणि मग आईचा आवाज आला. "लोखंड लावू नगा! खाली लेकरं हायत. हातानं काढा."

त्यांनी हाताने काढलं. मला बाहेर काढलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्या डोक्याला जिथे खोक पडली असती ती जागा वडिलांनी नंतर मला बोट ठेवून दाखवली. पहारीचा पुढचा घाव तिथेच बसला असता, म्हणाले. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्या दिवशी त्यांच्या उजव्या हाताची नखं गेली ती पुन्हा सरळ आलीच नाहीत. पुढे नांदेडला बदली झाली, आम्ही तिकडचेच झालो. वाकड्या नखांच्या त्याच बोटांत खडू धरून ते निवृत्त होईपर्यंत फळ्यावर बाराखडी लिहीत राहिले. त्या दिवशी माझ्यानंतर बऱ्याच वेळाने लोकांनी भावाला काढलं. तो गेलेला होता.

त्यानंतर आमच्या घरात भावाचा विषय निघाला नाही. आईची आणि पहारीची गोष्ट मात्र निघायची, आणि ती कौतुकाने निघायची. लग्नकार्यात, बारशाला, कुठेही चार नातेवाईक जमले की कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचंच, "ही पोरगी हिच्या आईमुळं वाचली. गड्यांच्या हातातली पहार खाली ठेवायला लावली माऊलीनं." मग सगळे आईकडे बघत. आई उठून स्वयंपाकघरात जायची. आम्हाला वाटायचं, लाजली. माझी आत्या तर हसत म्हणायची, "बघा, कौतुक सहन होत नाही बाईला." मीही त्या हसण्यात असायचे.

आता लॅपटॉपकडे येते.

लॅपटॉप माझाच जुना. शाळा बंद होत्या आणि घरून शिकवावं लागलं, तेव्हा घेतला होता. बॅटरी इतकी थकलेली, की वायर काढली की जेमतेम पाऊण तास तग धरायची. क्लासचे रेकॉर्ड केलेले तास आणि रविवारच्या परीक्षा त्याच्यावरच चालायच्या. आईचं आणि त्याचं सुरुवातीला जमलं नाही. पडद्यावर सर आले की ती पदर नीट करून भिंतीकडे तोंड करून बसायची. लेक हसून सांगायची, "आजी, त्यांना तू दिसत नाहीस." आई म्हणायची, "मला तर ते दिसतेत."

हळूहळू सवय झाली. वायर जोडली की भोकाशेजारचा बारीक दिवा लागतो, हे तिच्या लक्षात आलं. दिवा लागला नाही तर नातीचा अभ्यास थांबतो, हेही आलं. मग खंडेनवमीला तिने विळी, कात्री आणि कंपासपेटीच्या ओळीत लॅपटॉप मांडला आणि सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, वरून अक्षता टाकल्या. तो फोटो लेकीने मला पाठवला होता. मी तो शाळेत सगळ्यांना दाखवला आणि आम्ही भरपूर हसलो. पुढचं मात्र ना मला माहीत होतं ना लेकीला. ते त्या रविवारी कळलं.

दर शनिवारप्रमाणे मी आदल्या संध्याकाळी एसटीने लातूरला आले होते. रविवारी सकाळी लेक उठली, वायर जोडली, दिवा लागेना. वायर वाकवून पाहिली, उलटी करून पाहिली. क्षणभर लागायचा आणि जायचा. दुपारी तीनला परीक्षा होती, आणि त्या मार्कांवरून मुलांच्या तुकड्या बदलणार होत्या. लेकीचे डोळे भरून आले. सकाळचा शंकासमाधानाचा तास चुकवता येत नव्हता. "मम्मी, काहीतरी कर ना," म्हणाली आणि गेली. ही मम्मी काहीतरी करते, हा तिचा लहानपणापासूनचा समज आहे. मी तो मोडू दिलेला नाही, त्यात माझाच हट्ट जास्त.

दुरुस्तीच्या दुकानाला फोन केला. तिकडचा माणूस जांभई देत म्हणाला, "पोर्ट गेलं असंल. ठेवून जा, बुधवारी बघू." बुधवारी बघून मी काय करणार होते? डोकं आधीच तापलं होतं, वर पत्रा तापायला लागला होता. मी लॅपटॉप दारात उजेडाला आणला, मोबाइलची बॅटरी लावून भोकात पाहिलं. आत लाल होतं.

गंज असेल असं वाटलं. किंवा जळलं असेल. काहीतरी घट्ट बसलेलं दिसत होतं, उकरलं तर निघेल असं. बाईच्या हाताशी अशा वेळी काय असतं? बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन मी काढली, सरळ केली आणि भोकात घातली.

"लोखंड नगं लावू."

"आई, सोड. तीन वाजता पेपर आहे तिचा."

ती सोडेना. मी वैतागून वर पाहिलं. ती लॅपटॉपकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नव्हती. मी पिन काढून बाजूला ठेवली, तेव्हा तिने हात सोडला आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले होते. मी पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही.

आणि माझ्यातली वात्रट बाई अशा वेळीच नेमकी जागी होते. मी म्हणाले, "अगं, यात काही माणूस नाही."

असं बोलायला नको होतं. पण बोलले नसते तर ती पुढचं बोलली नसती, असंही मला वाटतं.

"म्याच म्हनले व्हते," आई म्हणाली. "लोखंड लावू नगा म्हनून. सगळे गडी पहारी घेऊन आलते. दगड एका दणक्यात हालत व्हता. म्या आडवी झाले. मग बसले हातानं उकरत. ऊन वर आलं. तू निगालीस. तुज्यामागं लेकरू व्हतं, हातभर पल्याड. त्याला काढूस्तोवर..." तिने वाक्य सोडून दिलं. मग पुन्हा सुरू केलं. "पहार लावू दिली असती, तर लवकर निगालं असतं. जित्तं निगालं असतं. सगळे म्हनतेत, आईनं पोरगी वाचवली. म्या तिकडं चुलीपाशी जाऊन बसते. कुनी म्हनत न्हाई की पोरगं हिनंच घालवलं. पर मला ठाव हाय ना."

मला काय वाटलं, ते सरळ सांगते. आधी लाज वाटली. ती सगळी लग्नं आठवली, ती बारशी, आत्याचं ते हसणं आणि त्यात मिसळलेलं माझं. दर वेळी आम्ही तिचं कौतुक केलं होतं आणि दर वेळी ते तिला तिथेच लागलं होतं. एकाच वाक्यावर मी माझा जीव वाचल्याचा हिशेब लावला होता, आणि त्याच वाक्यावर ती लेकराचा जीव गेल्याचा.

मग भीती वाटली. कारण तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. ती मी लपवली नव्हती. ढिगाऱ्यातून बाहेर आल्यावर, त्याच दिवशी, मी ती वडिलांना सांगितली होती. वडिलांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आईपुढं हा विषय काढू नको. तिला सोसणार नाही." अकरा वर्षांच्या पोरीने ते ऐकलं. पुढे ती पोरगी मोठी झाली, बाई झाली, आई झाली, तरी ऐकत राहिली. वडील जाऊनही काही वर्षं झाली होती. एखाद्या घरात जिन्याखालचं दार बंद ठेवायची रीत पडते आणि का पडली ते कुणाला आठवत नाही, तसं ते झालं होतं. मला कधी वाटलंच नाही की आईला ती गोष्ट हवी असेल.

"आई," मी म्हणाले, "पहार लावली असती तरी तो निघाला नसता."

"तुला काय ठाव."

"मी त्याच्याजवळ होते."

ती माझ्याकडे बघायला लागली.

"त्याचा पाय माझ्या पोटावर होता," मी सांगितलं. "झोपेत टाकायचा ना तो, तसाच."

"टाकायचा," आई म्हणाली. "ज्याच्याजवळ निजंल त्याच्यावर टाकायचा."

"घर पडलं आणि मी ओरडले. त्याला हाक मारली. तो बोलला नाही. वरचं काही दिसत नव्हतं, गुडघ्यापर्यंतच हात पोचत होता. मला वाटलं, झोपलाय. मग मी त्याच्या तळव्याला गुदगुल्या केल्या."

आईचा चेहरा मी आता सांगू शकत नाही. तिने फक्त विचारलं, "गुदगुल्या केल्यावर बी?"

"पाय मागे घेतला नाही."

हे त्या लेकराबद्दल दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. ते आईलाच कळणार होतं. त्याला गुदगुल्या मुळीच सोसत नसत. अंघोळ घालताना आईचा हात तळव्याजवळ आला तरी तो आधीच खिदळायला लागायचा आणि सगळं पाणी सांडायचा. तापाने फणफणलेला असतानाही पाय मागे घ्यायचा. गाढ झोपेत घ्यायचा. सकाळी त्याला उठवायची आईची तीच पद्धत होती.

आई सावरून बसली. मग एखादा हुशार वकील विचारेल तसं एकेक विचारायला लागली.

"कवा केल्यास? मागून, का लगेच?"

"लगेच. धूळ खाली बसायच्या आत. मला ठसका लागत होता आणि मी करत होते."

"म्या तवा गोठ्यात व्हते."

"तुझी हाक नंतर आली. कितीतरी नंतर. माणसं तर त्याच्याही नंतर आली."

"तुजा हात सुन्न पडला असंल. चुकून तुळईला करत बसली असशील."

"नाही, आई. वाळा होता पायात. तोच धरून होते मी."

तेव्हा तिने डोळे मिटले. वाळ्याचं मी सांगायला नको होतं का, असं मला आजही वाटतं. पण वाळा होता, आणि तिनेच घातला होता.

"त्यानं मला हाक मारली न्हाई?" हे तिने अगदी हळू विचारलं. मला वाटतं, इतकी वर्षं बाकीचं सगळं याच्याभोवती साचलं होतं. मी अकरा वर्षांची असताना वडिलांनी मला गप्प केलं, ते बहुतेक याच प्रश्नाला घाबरून.

"नाही मारली. त्याला कळलंच नाही काही. तो झोपेतच होता."

ती रडली. मोठ्याने नाही. पदर तोंडाला लावून, लहान मुलीसारखी खांदे उडवत रडली. मी तिच्या शेजारी बसले. पत्रा तापून कडकड वाजत होता. पलीकडच्या ओट्यावर देगलूरच्या आजीचा कुकर शिट्ट्या देत होता. मीही रडले असेन, नक्की आठवत नाही. वडिलांचा राग आला हे मात्र आठवतं. आयुष्यात पहिल्यांदा आला. मग त्यांची ती नखं आठवली आणि रागही नीट करता येईना.

"तुज्या बापाला ठाव व्हतं?" आईने विचारलं.

"मी सांगितलं होतं त्यांना. तुला सोसणार नाही म्हणाले."

आईने नाक पुसलं. "मानूस चांगला व्हता," ती म्हणाली. "पर सांगाया पायजे व्हतं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तू बी."

"हो," मी म्हणाले.

मग तिने लॅपटॉपकडे पाहिलं. "पोरीचा पेपर हाय न्हवं? काड की मग ते."

आता मी डोकं ताळ्यावर आणून आमच्या शाळेतल्या कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, आधी वायर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, खालची बॅटरी निघत असेल तर तीही काढा. आत मधोमध एक बारीक टोक असतं, ते वाकलं तर खेळ खलास. लाकडाची काडी घ्या, तीही हलक्या हाताने. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी जाते. "आणि पिन वगैरे घातली नाही ना?"

"घातली होती. आईने काढायला लावली."

"आई हुशार आहेत," सर म्हणाले. फोन स्पीकरवर होता. आईने ते ऐकलं. ती उठून चुलीपाशी गेली नाही.

तिने खराट्यातून एक हीर ओढली, विळीवर तिचं टोक तासून मऊ केलं आणि मला दिली. लेकीचा आकृत्या रंगवायचा जुना ब्रश सापडला. मी लॅपटॉप उभा धरला, भोक खाली करून, म्हणजे सुटेल ते बाहेर पडेल. आईने मोबाइलचा उजेड धरला. तिचा हात आता पुन्हा थरथरत होता, त्यामुळे उजेड भिंतीवर नाचत होता. कडेकडेने हीर फिरवली. आधी गोधडीची लव निघाली. मग तेलात मळल्यासारखे लाल गोळे. मग अर्धा तांदूळ, हळदीने पिवळा झालेला.

मी तो तळहातावर घेऊन आईकडे बघितलं.

"अक्षता खंडेनवमीच्या," मी म्हणाले. "पण इतकं कुंकू?"

आई ओशाळली. दर परीक्षेच्या सकाळी, लेक अंघोळीला गेली की, माहूरहून आणलेलं कुंकू ती तेलाच्या बोटाने त्या भोकाला लावत होती. वर झाकणाला नाही. भोकालाच.

"अगं, पण तिथेच का?"

"त्याचं तोंड हाय न्हवं ते," आई म्हणाली. "तितूनच जीव जातोय आत."

मला हसू आलं आणि तिलाही आलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी आम्ही दोघी हसलो. जे आत जावं म्हणून बाई दर परीक्षेला देवीचं कुंकू लावत होती, ते त्या कुंकवानेच अडलं होतं. हे मी तिला बोलून दाखवलं नाही. तिने त्या दिवशी पुरेसं ऐकलं होतं.

पुन्हा ब्रश फिरवला. आतलं ते मधलं टोक दिसायला लागलं, सरळ, चकचकीत. थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं. मग बॅटरी बसवली आणि वायर आईच्या हातात दिली. ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, घाल. तिने दोन्ही हातांनी धरून घातली. दिवा लागला. वायर हलवून पाहिली, दिवा तसाच राहिला. निघालेलं कुंकू मी केरात टाकायला निघाले, तर आईने ते कागदात घेतलं आणि दारातल्या तुळशीच्या डब्यात टाकलं.

लेक आली, जेवली, तीनला परीक्षेला बसली. आम्ही दोघी बाहेर सावलीत बसून राहिलो. मध्येच आई म्हणाली, "वाळा तसाच घालून दिला त्याला. काडू दिला न्हाई कुनाला." मला हे माहीत नव्हतं. आता आपल्या घरात हे असं मधूनच निघणार, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षा बरी गेली. लेक थकली होती. आईने दाराजवळ गोधडी टाकली होती, तिथेच येऊन आडवी झाली आणि लगेच झोपली. झोपेत हातपाय फेकायची तिला सवय आहे. लहान असतानाही ती आजीच्या अंगावर पाय टाकायची आणि आई अलगद बाजूला सरायची. उकडतं म्हणायची. थंडीतही म्हणायची. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

लेकीने कूस बदलली आणि तिचा पाय आईच्या मांडीवर पडला. मी बघत होते. माझी परतीची एसटी होती, पिशवी भरायची होती, पण मी बघत राहिले. आई सरली नाही. तिने त्या पायाकडे पाहिलं. मग एक बोट पुढे केलं आणि तळव्यावरून हळूच फिरवलं.

लेकीने झोपेतच पाय मागे ओढला.

आईने थोडं थांबून पुन्हा एकदा करून बघितलं.